पाहुणे येऊन राहिले

भंडाऱ्याकडील एखाद्या गृहिणीनें "पाहुणे येऊन राहिले" असें म्हटलें, तर पुण्याचा मनुष्य पाहुण्यांचें सामान कोठें ठेवलें आहे तें शोधूं लागेल. पाहुणे मात्र अद्याप वाटेंतच असतात! ते "येत आहेत", एवढेंच तिला सांगावयाचें असतें. हा प्रयोग एकट्या भंडाऱ्याचा नव्हे. तो नागपुरांत आणि वऱ्हाडांतही नित्य ऐकूं येतो.

ह्या वाक्यांतील एकही शब्द परका नाहीं, आणि गंमत आहे ती येथेंच. परका शब्द भाषेंत शिरला कीं तो तत्काळ ओळखूं येतो. परक्या व्याकरणाला मात्र आपल्याच शब्दांचा वेष मिळतो. हिंदीचें "आ रहे हैं" पहा. त्यांतील "आ" हें रूप मुळांत "आकर" ह्याच जातीचें. त्या जातीचें मराठी रूप म्हणजे "येऊन". बोलणाऱ्यांनीं "रहना" च्या जागीं "राहणें" ठेवलें आणि "आ" च्या जागीं "येऊन". "येत राहिले" असें म्हणणें त्यांना अधिक सोपें होतें. परंतु त्याचा अर्थ निराळा, पुनःपुन्हां येण्याचा, म्हणून तें त्यांनीं घेतलें नाहीं. व्याकरणाचें पुस्तक न उघडतां केलेली ही निवड एखाद्या पंडितासही साधली नसती, असें मला वाटतें.

असें घडण्यास भंडारा ही जागाही अनुकूल. उत्तरेस बालाघाट, तुमसर-मोहाडीकडे घरांत पोवारी बोलणारीं आणि शाळेंत मराठी शिकणारीं कुटुंबें पुष्कळ. शिवाय १९५६ च्या नोव्हेंबरांत मुंबई राज्यांत येईपर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशांत होता, आणि त्यापूर्वीं मध्य प्रांतांत. ज्याला दिवसांतून दहा वेळां एका भाषेंतून दुसरींत जावें लागतें, तो दोहोंचे सांचे नकळत जुळवून घेतो. मात्र येथील प्रत्येक वेगळेपण हिंदीच्या माथीं मारूं नये. "मले", "तुले" हीं रूपें घ्या. "मुझको", "तुझको" ह्यांच्याशीं त्यांचें नातें दिसत नाहीं.

हा व्यवहार एकतर्फीही नसतो. सांगलीजवळच्या कुपवाड गांवीं मराठी, कानडी आणि उर्दू शेजारीं नांदतात. गंपर्झ व विल्सन ह्या अभ्यासकांनीं १९७१ सालीं दाखविलें कीं, "आम्ही" आणि "आपण" हा मराठींतील भेद तेथील उर्दूनें उचलला आहे. आणखी दूर, न्यूयॉर्कमध्यें, स्पॅनिशची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आपण जसें नुसतें "येतों हं" म्हणतों, तसा स्पॅनिशमध्येंही कर्ता बहुधा क्रियापदावरूनच कळतो. इंग्रजींत मात्र "मी" म्हणावाच लागतो. त्या शहरांत वाढलेल्या पिढीच्या स्पॅनिशमध्यें अशीं सर्वनामें अधिक वेळां येतात, असें ओथेगी व झेंटेला ह्यांच्या २०१२ सालच्या ग्रंथांत नोंदलें आहे. एकही वाक्य चुकीचें नसतें. केवळ प्रमाण बदलतें.

आतां शाळेकडे वळूं. मुलानें वहींत "तो जाऊन राहिला" असें लिहिलें कीं गुरुजी तांबडी रेघ ओढतात. रेघेला माझी हरकत नाहीं. ग्रंथांची मराठी त्याला आलीच पाहिजे. परंतु "अशुद्ध" एवढाच शेरा वाचून तें मूल निराळेंच कांहीं शिकतें: आपल्या आईला मराठी येत नाहीं, असें. वास्तविक त्याच्या बोलींत "जाऊन राहिला" म्हणजे आतां चालला आहे, "जाऊन राहिला होता" म्हणजे तेव्हां चालला होता, आणि "जात राहिला" म्हणजे जाणें सोडलें नाहीं. हा भेद त्याला कोणीं शिकविलेला नसतो, आणि तो त्यांत सहसा चुकतही नाहीं.