प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंत



झिपरूअण्णा महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या नशिराबादमध्ये समस्त गावकऱ्यांच्या वतीने मी या परिषदेसाठी आलेल्या आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

या परिषदेचे विषय आहेत फ्लुओरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपी आणि इलेक्ट्रोफोरेसिस. नावे परकी वाटली, तरी या दोन्ही तंत्रांची खरी गरज आमच्या खान्देशात आहे.

उत्तरेला सातपुडा आहे. तिथल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकते, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसने दाखवून दिले. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि रेणूवरचा ऋणभार घटतो. म्हणून अल्कधर्मी बफरमध्ये धनाग्राकडे जाताना सिकलसेलचे ‘एस’ हिमोग्लोबिन सामान्य ‘ए’च्या मागे राहते. वाहकाच्या, म्हणजे एकाच पालकाकडून ‘एस’ आलेल्याच्या, नमुन्यात दोन्हींचे ठळक पट्टे दिसतात. दोन्ही पालकांकडून ‘एस’ आलेल्या रुग्णात ‘ए’चा पट्टाच नसतो. हे पट्टे वेळीच वाचले गेले, तर लग्न ठरवणाऱ्या दोन घरांना योग्य सल्ला मिळतो आणि लेकराचे उपचार लवकर सुरू होतात.

दुसरा प्रश्न शेतातला. भुईमूग आणि मका ओलसर राहिला की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. दाण्यांचा अर्क ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात धरला, तर अफ्लाटॉक्सिनचा ‘बी’ गट निळा आणि ‘जी’ गट हिरवा चमकतो. किलोमागे काही मायक्रोग्रॅम इतके अल्प विषही या चमकेवरून, म्हणजेच फ्लुओरेसन्सवरून, मोजता येते. मात्र दाण्यातले इतर घटकही चमकतात, म्हणून अर्क आधी नीट शुद्ध करावा लागतो. खरे कसब तिथेच आहे.

जळगावला १९९० मध्ये विद्यापीठ झाले, आज ते कवयित्री बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठामुळे शेतकऱ्याची आणि पाड्यावरची मुलेही आता ही उपकरणे हाताळू लागली आहेत. त्यांच्या वतीने माझी एक विनंती आहे. आपला शोधनिबंध वाचताना अशी तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात किंवा बाजार समितीत करायची तर खर्च किती येईल आणि काय सोपे करावे लागेल, हेही सांगा. त्यातून एखाद्या विद्यार्थ्याला कामाची दिशा मिळाली, तरी ही परिषद सार्थकी लागली असे आम्ही मानू.

वरण-बट्टी आणि वांग्याच्या भरिताचा पाहुणचार गोड मानून घ्यावा.