विस्मृतीच्या घरातील पर्व



पर्युषण पर्वात घरे आप्तेष्टांनी गजबजतात. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांना हीच गर्दी भयभीत करते. येणारा प्रत्येक जण विचारतो, "मला ओळखलेत का?" प्रेमाने विचारलेला हा प्रश्न त्यांच्यासाठी परीक्षाच ठरतो.

माझ्या मातोश्रींना हा आजार होता. त्या वारंवार विचारीत, "हे मंदिरातून आले का?" वडिलांना जाऊन कित्येक वर्षे लोटली होती. मी सत्य सांगे आणि प्रत्येक वेळी वियोगाचा आघात त्यांना नव्याने सोसावा लागे. क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांची क्षमा मागितली. कशाबद्दल, हे त्यांना उमगले नाही. त्यांनी केवळ माझ्या मस्तकावर हात ठेवला. तेव्हापासून मी एवढेच म्हणू लागलो, "वडिलांची आठवण येते ना?" मग त्या शांतपणे त्यांच्याविषयी बोलत. असत्य बोलावे लागले नाही आणि हिंसाही टळली.

म्हणून नम्र विनंती आहे. एका वेळी दोघा-तिघांनीच भेटावे. प्रथम आपले नाव व नाते सांगावे. सायंकाळी अशा रुग्णांचा गोंधळ पुष्कळदा वाढतो, म्हणून भेट सकाळी घ्यावी. कालचे विसरले तरी बालपणी मुखोद्गत झालेले बहुधा टिकून राहते; त्यांच्यासमवेत णमोकार मंत्र म्हणावा. चुकल्यास दुरुस्त करू नये.

त्यांचे स्मरण हरपले आहे. आपले शाबूत आहे. त्यांनी आपल्यासाठी जे केले, ते आता आपण स्मरावयाचे आहे.

जय जिनेंद्र!