दाढ दुखायची थांबली तेव्हा

कळमनुरीत दाढ दुखायला लागली की पहिला इलाज घरातलाच होतो. आमच्याकडे तो मान अम्मीचा. ‘लौंग दबाके रख’ एवढेच तिचे म्हणणे. लवंगेने खरोखर बरे वाटते. तिच्या तेलातला युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पण ठणका कमी झाला म्हणून कीड जात नाही. हे मला फार उशिरा कळले.

2023चा रमजान चालू होता. खालची डावी दाढ पार किडलेली. दंतवैद्य म्हणाले, ‘हिच्यात राखण्यासारखे काही उरले नाही, काढून टाकू.’ मी म्हटले, ईद होऊ द्या. ईद झाली. मग भाचीचे लग्न निघाले, मग पेरणी आली. खरे कारण भीती होती, पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने ते कसे सांगावे? औषधाच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या आणि ठणका थांबला. मी खूश!

दाढेच्या आत रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा नाजूक गाभा असतो. तो मेला की कळ थांबते. जंतू मात्र जिवंत असतात. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. मेलेल्या गाभ्यात रक्त जात नाही, म्हणून गोळीचे औषधही तिथवर पोचत नाही. सूज तात्पुरती ओसरते, एवढेच.

जुलैतल्या एका रात्री ती सूज हनुवटीखाली उतरली. तोंडात बोट जाईना. जीभ खालून वर ढकलली गेली. थुंकी गिळता येईना, आडवे झाले की दम कोंडायचा. कविसंमेलनात माईक सोडत नाही अशी माझी ख्याती, त्या रात्री मला स्वतःचे नाव धड उच्चारता येईना. भाच्याने जीप काढली. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर... रोजचा रस्ता, पण एकेक गाव मोजत मी नांदेड गाठले.

तिथे रक्तातील साखर 340 निघाली. मधुमेह आहे हे मला ठाऊकच नव्हते. अशा शरीरात जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो आणि संसर्गाने साखर आणखी चढते. डॉक्टरांनी जबड्याखाली चिरा देऊन पू काढला, रबरी नळी बसवली, दाढही काढली. नऊ दिवस खाटेवर होतो.

या आजाराला लुडविग अँजायना म्हणतात. जर्मनीतील विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या डॉक्टरांनी 1836मध्ये त्याचे वर्णन केले. प्रतिजैविके नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. सूज श्वासनलिकेची वाट अडवते आणि माणूस गुदमरतो.

खेड्यापाड्यातच असे होते, असे समजू नका. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फेब्रुवारी 2007मध्ये डिमॉन्टे ड्रायव्हर हा बारा वर्षांचा मुलगा गेला. किडलेल्या दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. दाढ काढायला 80 डॉलर पुरले असते. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया करूनही तो वाचला नाही. मी घाबरून थांबलो. त्याच्या आईकडे विमा नव्हता. या दोन गोष्टी सारख्या नव्हेत, हे मला इथे सांगायलाच हवे.

आपल्याकडे म्हणतात, वरची दाढ काढली की नजर जाते. दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट वरच्या दाढेतला पू डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढू शकतो. सुजेत दाढ काढू नये, असेही ऐकतो. पू साचला असेल तर भुलीचे इंजेक्शन कधी कधी नीट लागत नाही, म्हणून डॉक्टर आधी पू काढतात किंवा दोन दिवस औषध देऊन परत बोलावतात. ते दोन दिवस डॉक्टरांनी ठरवलेले असतात. माझे तीन महिने मी ठरवलेले होते. जबड्याखाली किंवा डोळ्याजवळ सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना त्रास, आवाज बदलणे, यांतले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, मोठ्या दवाखान्यात जा.

परवा शेजारचा मुलगा गाल धरून आला. म्हणाला, ‘चाचा, आठ दिवस लई ठणकत होती, कालपासून एकदम थांबली बघा.’ मी चहाचा कप तसाच ठेवला, चपला घातल्या आणि त्याला घेऊन दंतवैद्याकडे निघालो.