लम्पी : सुई वेळेवर, गोठा कोरडा

२०२२च्या ऑगस्टमध्ये गाई-बैलांचा लम्पी हा विषाणूजन्य रोग राज्यात जळगाव जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता वऱ्हाडात पसरला. बैलबाजार बंद करावे लागले.

लम्पीचा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड पसरवतात. म्हणून निम्मी लढाई शेणामुताच्या चिखलात आहे. गोठा कोरडा ठेवा, उकिरडा लांब न्या, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. पण नुसत्या धुरावर विसंबू नका, लस हवीच. शेळ्यांच्या देवीची लस लम्पीवर चालते. मात्र ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याआधीच टोचून घ्या. साथ गावात आल्यावर धावाधाव करण्यात काय अर्थ?

ताप, डोळ्या-नाकातून पाणी, मग अंगभर गाठी दिसल्या, की जनावर लगेच वेगळं बांधा. त्याचं चारा-पाणीही वेगळं. नवीन बैल आणला तर तोही काही आठवडे दावणीपासून दूरच. माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून खुशाल प्या.

गाठ दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, नाहीतर १९६२ हा टोल-फ्री नंबर फिरवा.