बिनदुधाचा चहा



सकाळी मी चहा नाकारला, तेव्हा बाईंनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" बरी आहे, बाई. सहा वर्षांपूर्वी मी दूध सोडलं. 1944 साली इंग्लंडमध्ये 'व्हीगन' हा शब्द निघाला, तो असं दूधही न घेणाऱ्या शाकाहारी माणसांसाठीच.

गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण वासरांत निम्मे गोऱ्हे असतात आणि ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना फारसं काम उरलेलं नाही. त्यांचं पुढे काय होतं, हे मी चाळिशीपर्यंत विचारलंच नाही.

माझी शाळेची फी दुधाच्या पैशांतूनच भरली गेली; म्हणून कुणाला दोष देणार नाही. आई आजही पोळीवर तूप वाढायला येते आणि हात मागे घेते. तेव्हा वाईट वाटतं. तरी एवढंच सांगते: दुधाच्या हिशेबात तो गोऱ्हाही धरा.