एक गाव, एक होळी, एक निधी



फाल्गुन लागला की गावात पोरासोरांच्या हालचाली सुरू होतात. कोणाच्या परसात गोवऱ्यांचा ढीग आहे, कोणाची पऱ्हाटी बांधावर पडून आहे, याची टेहळणी होते. होळी आठ दिवसांवर आली की वाटेवर दोर आडवा धरून पोस्त मागणंही सुरू होतं. हा सण आनंदाचा आहे आणि तो तसाच राहावा. पण याच होळीच्या जाळावर गावाच्या उपयोगाचं एखादं काम शिजवता येईल का, याचा विचार आज आपण करणार आहोत. मी बोलणार आहे ते कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारखं गाव डोळ्यांपुढे ठेवून. केळीच्या बागा, हळदीची शेतं, उसाचे फड आणि भोवती वाड्या-तांडे असलेलं गाव. आपलं गाव निराळं असेल, तर आपापल्या बेतानं फेरफार करून घ्यावा.

सण आणि दान ही जोडी आपल्याला नवी नाही. लहान लहान रकमांतून मोठं काम उभं राहतं, हे महाराष्ट्रानं पूर्वी करून दाखवलं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. दूरच्या मुलखाचं उदाहरण घ्यायचं तर इंग्लंडातलं घ्या. तिथं १६०५ साली पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून दर ५ नोव्हेंबरला जाळ करतात, शोभेची दारू उडवतात. कित्येक खेड्यांत ते काम गावची समिती करते आणि जमलेला पैसा धर्मादाय कामाला देते. म्हणजे जाळाभोवती जमलेला माणूस देण्याच्या मनःस्थितीत असतो, हे सगळीकडे सारखंच आहे.

आता पहिला प्रश्न. निधी कशासाठी? हे आधी ठरवा, होळी नंतर. 'गावाच्या विकासासाठी' असं मोघम सांगितलंत तर हात खिशाकडे जात नाही. एकच काम धरा, आणि ते म्हाताऱ्या माणसालाही एका वाक्यात कळेल असं धरा. मी एक सुचवतो. रात्री-अपरात्री कोणी अत्यवस्थ झालं तर १०८ क्रमांकाची गाडी येते, रोग्याला नांदेडच्या किंवा हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात पोचवते. गाडीला पैसे पडत नाहीत. पण सोबत गेलेल्या माणसानं चार दिवस जेवायचं कशावर? बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधाचं काय? परतीच्या वाटेचं भाडं कुठून आणायचं? मजुरी करून खाणारा माणूस इथं अडतो, आणि मग शेळी विकतो किंवा व्याजानं पैसे काढतो. अशा अडलेल्या घराला त्याच रात्री हातात देता येतील असे पैसे गावाजवळ असावेत. याला 'वाटखर्चाचा निधी' म्हणा. दोन-चार हजार रुपये वेळेवर मिळाले, तर एखादं घर सावकाराच्या दारात जायचं वाचतं.

दुसरा प्रश्न मानाचा आहे, आणि तो पैशाहून अवघड आहे. गावात चार-पाच ठिकाणी होळ्या पेटतात. एक होळी करायची म्हटलं की विचारणा होते : पेटवायची कोणी? पहिला नारळ कोणाचा? मंडळी, या एका मानापायी कितीतरी गावांत भाऊबंदकी पेटली आहे. यावर उपाय आधीच्या ग्रामसभेत करावा, होळीच्या रात्री नव्हे. मान पाळीनं फिरता ठेवा. यंदा एका गल्लीचा, पुढच्या वर्षी दुसरीचा, आणि त्या पाळीत एकही वस्ती गाळू नका. पाळी लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पेटवण्याचा मान एखाद्या वर्षी गावातल्या आशाताईला किंवा वृद्ध शेतमजूर बाईला दिलात, तर बिघडेल का सांगा?

आणखी एक. गावात सगळेच होळी पुजतात असं नाही. १९५६ नंतर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला ती घरं आहेत, मुसलमान घरं आहेत. तांड्यावर बंजारा बांधवांची होळी पहाटे पेटते, त्यांची गेर आणि लेंगी निराळी. त्यांची रीत मोडून आपल्या होळीला या, असा आग्रह धरू नये. पूजा ज्याची त्याची. निधी मात्र सगळ्यांचा, कारण दुखणं जातपात विचारून येत नाही. म्हणून निधीची पेटी होळीजवळ न ठेवता शाळेच्या ओट्यावर ठेवावी. ज्याला पूजेला यायचं नाही त्यालाही तिथं सन्मानानं येता यावं.

तिसरी गोष्ट वर्गणीची. होळीसाठी रुपये मागू नका, वस्तू मागा. प्रत्येक घरानं पाच गोवऱ्या, एक पेंढी पऱ्हाटी किंवा तुराट्या द्याव्यात. नारळ देणारे मिळतात, पाण्याची टाकी ट्रॅक्टरवर आणून देणारा मिळतो. म्हणजे होळीचा खर्च वस्तूंत भागतो आणि पेटीत पडलेला रुपयान् रुपया निधीत जातो. समजा, गावात पाचशे घरं आहेत आणि सरासरी घरामागे वीस रुपये आले, तर दहा हजार झाले. पाच अडलेल्या घरांना प्रत्येकी दोन हजार देता येतील. हा हिशेब सहावीतलं पोरगंही करील.

पण पैसा खुशीचा हवा. रस्त्यात गाडी अडवून घेतलेली पोस्त या पेटीत नको. कोणी किती दिले याची यादी लाउडस्पीकरवर वाचू नका, त्यानं देणाऱ्याचा फुगा होतो आणि न देऊ शकणाऱ्याची मान खाली जाते. चोरून आणलेलं लाकूडही नको. होळीला लाकूड चोरणं ही गंमत, असं आपण म्हणतो. पण ज्या विधवेच्या अंगणाचं कुंपण जातं तिला त्यात कसली गंमत? आणि उभं झाड तर मुळीच तोडू नका. आपल्या भागात वेचणी संपलेली पऱ्हाटी आणि तुराट्या असताना झाडाला कुऱ्हाड लावायचं कारणच नाही.

पैशाचा व्यवहार आला की कायदाही आला. नोंदणी नसलेल्या मंडळानं धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि पुढं हिशेब द्यावा लागतो. गणेश मंडळं ती घेतात, आपणही घ्यावी. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला महिनाभर आधी पत्र द्यावं. पेटीला दोन कुलपं लावा आणि किल्ल्या दोन निरनिराळ्या माणसांकडे ठेवा. पेटी दुसऱ्या दिवशी शाळेत, सर्वांसमक्ष फोडावी. पैसा त्याच दिवशी बँकेत किंवा पोस्टात दोघांच्या सहीच्या खात्यावर भरावा. आठ दिवसांत जमाखर्च फळ्यावर लागला पाहिजे. मदत घेणाऱ्याचं नाव मात्र फळ्यावर लिहू नका. 'एका घरास दोन हजार' एवढंच पुरे. हिशेब चुकला तर गाव एक वेळ माफ करील, पण हिशेब लपवला तर पुढची दहा वर्षं कोणी पेटीकडे फिरकणार नाही.

आता जाळाविषयी. फाल्गुनात रान वाळलेलं असतं. गहू काढणीला आलेला, कडब्याच्या गंज्या रचलेल्या, हळद शिजवून वाळत घातलेली, केळीच्या बागेत वाळकी पानं लोंबत असतात. एक ठिणगी वाऱ्यानं गेली तर एखाद्याची वर्षाची कमाई जाते. तेव्हा जागा निवडताना मारुतीचा पार की शाळेचं मैदान, एवढंच पाहू नका. वर विजेची तार आहे का ते पाहा. होळी पुरुषभर उंचीची पुरे. तिच्या उंचीच्या निदान पाचपट अंतर घर, गंजी आणि गोठा यांपासून ठेवा. लोकांसाठी चुन्याची रेघ मारा. ही रेघ शाळेच्या मुलांकडून मोजून मारून घ्यावी, गुरुजी. वर्तुळ आणि त्रिज्या मुलांना त्या दिवशी जितकी कळेल तितकी वर्गात कळत नाही.

जाळावर रॉकेल, पेट्रोल टाकू नका. टायर, ठिबकच्या जुन्या नळ्या, केळीच्या घडावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या होळीत फेकू नका. त्यांचा धूर विषारी असतो आणि तो आधी लहान मुलांच्या छातीत जातो. पाण्याचे दोन पिंप, ओली गोणपाटं, वाळू आणि दोन-तीन पाठीवरचे पंप तयार ठेवा. पंप मात्र स्वच्छ धुतलेले, औषधाचा अंश नसलेले. विस्तव विझेपर्यंत चार जाणत्यांनी पाळीपाळीनं जागावं. सकाळी पोरांच्या आंघोळीचं पाणी तापवून झालं की निखारे पाण्यानं पूर्ण विझवा आणि राख शेतात न्या.

शोभेच्या दारूचं काय? तरुण मंडळींना ती हवीच असते. हिंगोलीचा दसरा आपण पाहिलेला आहे. रामलीला मैदानावरचं रावणदहन आणि आतषबाजी पाहायला सारा जिल्हा लोटतो. माझं म्हणणं असं, की फाल्गुनात उंच उडणारे बाण आणि आकाशकंदील अजिबात नकोत, ते कोणाच्या गंजीवर उतरतील ते सांगता येत नाही. मोठ्या आवाजाचे फटाके नकोत. दहावीची मुलं त्याच दिवसांत अभ्यासाला बसलेली असतात, गोठ्यातली जनावरं दावी तोडतात. आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना कायद्यानंच मनाई आहे. जमिनीवरची झाडं, चक्र, एवढंच करा. तेही परवानाधारक दुकानातून आणलेलं, होळीपासून दूर, आणि एकाच जाणत्या माणसानं लांब काठीला उदबत्ती बांधून पेटवलेलं. न उडालेल्या फटाक्याजवळ वाकून पाहू नका. थोडा वेळ जाऊ द्या आणि दुरून पाणी ओता.

तुम्ही म्हणाल, एवढी भीती कशाला घालता? केरळात कोल्लम जिल्ह्यात पुट्टिंगल देवीच्या मंदिरात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे आतषबाजीची चढाओढ चालली होती. प्रशासनानं परवानगी नाकारलेली होती. ठिणगी दारूच्या साठ्यावर पडली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. ती माणसंही देवाच्या उत्सवाला, आनंदानंच आली होती. दानासाठी भरवलेल्या सणात एखादं लेकरू भाजलं, तर त्या दानाला काय किंमत राहिली?

तरीही कोणाला भाजलंच, तर भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नको, तूप नको, शाई नको, टूथपेस्ट नको. हळद आपल्या जिल्ह्याचं सोनं आहे, पण भाजल्यावर तीसुद्धा लावायची नाही. स्वच्छ कापडानं सैल झाका आणि १०८ ला फोन करा.

आता पुरणपोळीकडे येऊ. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं बरीच वर्षं सांगितलं आहे, की होळी लहान करा आणि पोळी दान करा. नैवेद्याचा एक घास अग्नीला द्या, श्रद्धा तेवढ्यानंही पुरी होते. बाकी पोळ्या स्वच्छ टोपल्यांत गोळा करा आणि त्याच रात्री उसाच्या फडावर न्या. होळीच्या दिवशीही तिथं कोयता चालू असतो. परगावाहून आलेली माणसं कोपीत राहतात, त्यांची लेकरं चुलीपाशी बसलेली असतात. त्यांना आपल्या घरची ताजी पोळी गेली, तर त्यांच्याही घरी सण झाला. पण उरलेलं, शिळं, तुटकं देऊ नका. जे आपल्या पाहुण्याच्या ताटात वाढाल तेच द्या.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. या कामात मुलांना नुसतं पळापळीला लावू नका. जमाखर्चाची वही त्यांच्याकडून लिहून घ्या. किती घरांनी गोवऱ्या दिल्या, पेटीत किती नाणी आणि किती नोटा निघाल्या, हे त्यांना मोजू द्या. सार्वजनिक पैसा कसा सांभाळायचा, हे वयाच्या बाराव्या वर्षी ज्यानं पाहिलं, तो उद्या सरपंच झाला तर फळ्यावर हिशेब लावायला लाजणार नाही.

शेवटी एवढंच सांगतो. पहिल्या वर्षी सगळं गाव एकत्र येईल, अशी अपेक्षा धरू नका. चारऐवजी तीन होळ्या झाल्या तरी पुष्कळ. पेटीत दहाऐवजी तीन हजार आले तरी खातं उघडा. पुढं श्रावणात, एखाद्या पावसाळी रात्री, कोणाच्या दारात गाडी येऊन उभी राहील, आणि गावातलं कोणीतरी छत्री धरून जाईल, आत बसलेल्या माणसाच्या हातात दोन हजार रुपये ठेवील. त्या घराला होळीचं खरं महत्त्व त्या रात्री कळेल. मग पुढच्या फाल्गुनात गोवऱ्या मागायला तुम्हाला त्या घरी जावं लागणार नाही.

तर मंडळी, ग्रामसभेत विषय काढा. रामराम.