नवा ड्रमसेट घेण्याआधी पान बदला

ज्यांना एसटीत नेटवर्क मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही टाकतोय. बोलताना आलेले 'म्हणजे काय तर' तेवढे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय ड्रमसेट. मंडळाचा जुना, कोणा बेंजोवाल्याकडून घेतलेला, नाहीतर कॉलेजच्या खोलीत धूळ खात पडलेला असा सेट एखाद्याच्या हाती येतो आणि मला मेसेज येतो, "आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतोय, नवा केवढ्याला पडेल?" माझं उत्तर एकच, थांब जरा. ड्रमच्या आवाजाचा मोठा हिस्सा वरच्या पानाचा आणि ते कसं ताणलंय याचा असतो. लाकूड कुठलं, कंपनी कुठली, हे सगळं त्यानंतर. स्वस्त सेटवर चांगलं पान नीट ताणलं तर तो बऱ्यापैकी वाजतो. महागड्या सेटवर पान वाकडंतिकडं ताणलं तर तो डबाच वाजणार.

दुकानात याला 'हेड' म्हणतात. मी पानच म्हणणार, ढोलाचं म्हणतो तसंच.

पूर्वी ड्रमसेटलाही कातडंच असायचं. कातडं हवेतलं पाणी पितं आणि सैल पडतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि गणपती नेमके त्या दमट दिवसांत. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. अमेरिकेतल्या ड्रमवाल्यांनाही हाच त्रास होता. १९५० च्या दशकात मायलर नावाची पॉलिस्टर फिल्म बाजारात आली, आणि चिक इव्हान्स व रेमो बेली यांनी तिची पानं बनवून विकायला सुरुवात केली. रेमो कंपनी १९५७ ची. त्यांच्या पानाचं नाव 'वेदरकिंग', म्हणजे हवामानाचा राजा. रत्नागिरीत बसून हे नाव वाचलं की पटतं.

आता कुठलं पान घ्यायचं? पाकिटावर जाडी 'मिल'मध्ये असते. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एकपदरी पान साधारण १० मिलचं असतं, रेमोचं अँबॅसडर किंवा इव्हान्सचं जी-वन. हे मोकळं वाजतं, हलक्या हातालाही उत्तर देतं. दुपदरी म्हणजे ७ मिलचे दोन थर, एम्परर किंवा जी-टू. याचा आवाज जाड आणि आटोपशीर, शिवाय जोरात मारणाऱ्यांपुढे जास्त टिकतं. शिकाऊ माणसाचा हात जड असतो, म्हणून माझं मत असं: टॉमना वरून दुपदरी पारदर्शक, स्नेअरला वरून एकपदरी कोटेड, म्हणजे पांढरं खरखरीत. खालच्या पानांवर काठी पडत नाही. ती फाटली नसतील तर सध्या राहू द्या. स्नेअरचं खालचं पान मात्र जेमतेम ३ मिलचं असतं. त्याच्यावर वरचं पान चढवू नका, आणि त्याच्यावर काठी तर चुकूनही नको.

माप घेताना लोखंडी रिंगेची बाहेरची कड मोजू नका. रिंग आणि पान काढून ड्रमच्या लाकडाचा व्यास घ्या. १२ इंची ड्रमला १२ चंच पान लागतं, ओढूनताणून १३ चं बसत नाही.

पान काढलंच आहे तर आणखी एक काम करा. ड्रमची उघडी कड कडप्प्याच्या ओट्यावर उपडी ठेवा, आत मोबाईलचा टॉर्च लावा आणि खोलीतला दिवा बंद करा. कडेखालून उजेड दिसला, तर तिथे कड घासलेली किंवा लाकूड फुगलेलं आहे. तो ड्रम कधीच पूर्ण सुरात येणार नाही, तिथे सुताराचं काम आहे. (आईला सांगून करा, ओटा तिचा आहे.)

आता ताणणं. इथे घाई करणारे पस्तावतात. कड पुसा, पान ठेवा, रिंग ठेवा, आणि सगळे स्क्रू आधी फक्त बोटांनी, जिथवर जातील तिथवर फिरवा. मग तळहाताने पान मधोमध दाबा, म्हणजे ते कडेवर बसेल. थोडं करकरेल, घाबरू नका. बोटांनी पुन्हा आवळा. आता चावी घ्या. सहा स्क्रूंचा ड्रम असेल तर घड्याळ डोळ्यांसमोर आणा: १२ नंतर ६, मग २ आणि ८, मग ४ आणि १०. प्रत्येक वेळी पाव फेरा. एका बाजूने सरळ गोल फिरत गेलात तर पान एकीकडे ओढलं जातं. सुरकुत्या गेल्या की खरं काम सुरू.

दोन्ही बाजूंनी पान असेल तर ड्रम गादीवर ठेवा, म्हणजे खालचं गप्प राहील. एक बोट मध्यावर हलकंच टेकवा आणि प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठीने टकटक करा. सहाही जागी सूर एकच यायला हवा. तबलजी हातोडी घेऊन सोळा घरं फिरतो, तेच हे. ज्याने भजनात तबला जवळून पाहिलाय, त्याचा कान यासाठी निम्मा तयार असतो. फरक कळत नसेल तर सहा टकटक मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. वेगळा वाजणारा लगेच पकडला जातो. एखादा स्क्रू खाली वाजला तर त्याला थोडा चढवा, मग समोरचा तपासा. चढा वाजला तर आधी सुरापेक्षा खाली उतरवा आणि खालून वर या. वरून उतरवलेला स्क्रू वाजवताना आणखी सरकतो.

टॉमवर सा शोधत बसू नका. साध्या गोल पानाचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडनिडे येतात. तबल्यावर शाई असते, आणि त्या शाईच्या वजनामुळेच ते दुप्पट, तिप्पट अशा सुरेल हिशोबात बसतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं होतं. टॉमला शाई नाही. म्हणून ट्यूनरचं ॲपही तिथे गोंधळतं. आपल्याला हवा तो सारखेपणा, आणि लहान टॉमपासून मोठ्या टॉमकडे उतरत जाणारा आवाज.

खालचं पान वरच्याइतकंच ताणलं तर आवाज लांबतो. खालचं जरा चढं ठेवलं तर तो लवकर आवरतो. स्नेअरचं खालचं पान बरंच घट्ट हवं, तरच तारा नीट बोलतात. टॉम वाजवला की तारा थोड्या खरखरणारच, त्यासाठी सेट विकू नका. किकचं पान सुरकुत्या जाईपर्यंत आवळा, वर पाव फेरा, आत जुनी गोधडी, झालं. आणि टेप चिकटवायचीच असेल तर सूर लागल्यावर. आधी लावली तर चूक नुसती झाकली जाते.

आपल्याकडची शेवटची अडचण. मायलर पाणी पीत नाही, पण स्क्रू लोखंडी आहेत आणि हवा खारी. पावसाळ्याआधी प्रत्येक स्क्रू काढून पुसा आणि ग्रीस नाहीतर व्हॅसलिन लावा. गंजलेला स्क्रू अर्ध्यात अडकतो, चावीला घट्ट लागतो, आणि आपल्याला वाटतं पान ताणलं गेलं. तो जबरदस्तीने फिरवू नका, आतली आटी जाईल. दोन थेंब तेल, रात्रभर थांबा.

पुढच्या भागात झांजा. तोवर तुमच्या टॉमचे आधीचे आणि नंतरचे रेकॉर्डिंग पाठवा, चांगली चार-पाच त्या भागात वाजवतो.